रंगो बापूजी यांची लंडनची वकिली व खानदेशचे तीन साहेब

सरकारच्या वतीनें जाहीर बोलणारा, वृत्तपत्रांना हकीकत पुरविणारा, आणि कोणती गोष्ट केव्हां व कोणत्या शब्दांनीं लोकांपुढें मांडावी ह्याचा सल्ला देणारा असा एक अधिकारी आज बहुतेक राज्यकर्त्यांच्या पदरीं असतो. त्यास प्रवक्ता, प्रसिद्धि-अधिकारी अशीं नांवें मिळालेलीं आहेत. हा पेशा वृत्तपत्रांबरोबर जन्मास आला, अशी सामान्य समजूत आहे. व ती बऱ्याच अंशीं खरीही आहे. परंतु एका मराठी गृहस्थानें हें काम परक्या राजधानींत, परक्या भाषेंत, छापखान्याच्या साहाय्यानें सुमारें चौदा वर्षें चालविलें, व तेंही गादीवरून काढलेल्या एका राजाच्या वतीनें, ही गोष्ट ह्या दृष्टीनें क्वचितच पाहिली गेली आहे. हे गृहस्थ म्हणजे साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते होत.

रंगो बापूजींचें चरित्र महाराष्ट्रांत अपरिचित नाहीं. प्रबोधनकार ठाकरे यांनीं १९४८ सालीं प्रतापसिंह व रंगो बापूजी यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणून येथें समग्र चरित्र सांगण्याचा हेतु नाहीं. त्यांच्या कामाची रीत काय होती, तिचीं साधनें कोणतीं, तिला कोठें यश आलें व ती कोठें अडली, एवढेंच समजावून सांगावयाचें आहे. दुसरा हेतु आमच्या खानदेशाच्या वाचकांसाठीं आहे. साताऱ्याच्या ह्या प्रकरणांत ज्या इंग्रज अधिकाऱ्यांचीं नांवें वारंवार येतात, त्यांपैकीं तिघे साताऱ्यास जाण्यापूर्वीं खानदेशांत होते. आणि त्यांतल्या एकाचें पूर्वचरित्र समजण्यास उपयोगी पडणारीं कागदपत्रें हल्लींच्या नंदुरबार जिल्ह्यांतील जुन्या घरांतून मिळण्याचा संभव आहे.

१. वकील म्हणजे काय

मराठी राज्यांत वकील हा शब्द न्यायालयांतील कायदेपंडित ह्या अर्थानें नव्हे, तर परदरबारीं आपल्या धन्याचा प्रतिनिधि ह्या अर्थानें चालत असे. नाशिकचे महादेव भट हिंगणे हे बाळाजी विश्वनाथाबरोबर दिल्लीस गेले, व पुढें त्यांच्या घराण्यानें तेथील वकिली दीर्घकाळ चालविली. त्यांच्या दप्तराचा पहिला खंड पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानें १९४५ सालीं छापला. तीं पत्रें वाचणारास वकिलाच्या कामाचे पांच भाग सहज दिसतात. धन्याचा निरोप योग्य शब्दांत सांगणें. दरबारची बातमी नियमानें लिहून पाठविणें. ज्यांच्या शब्दास वजन आहे अशा माणसांशीं स्नेह राखणें. ह्या सर्वांसाठीं पैसा उभा करणें व तो जपून खर्चणें. आणि झाल्या गेल्याच्या नकला ठेवणें.

रंगो बापूजींनीं लंडनास जें केलें तें वरवर पाहतां अगदीं नवें वाटतें. परंतु त्याची ठेवण ह्या जुन्या वकिलीचीच होती. दरबाराच्या ठिकाणीं तेथें कंपनीच्या भागीदारांची सभा होती, अखबाराच्या ठिकाणीं वृत्तपत्र होतें, आणि नजराण्यास जाणारा पैसा छापखानेवाल्याच्या बिलास जाई. जुन्या विद्येस नवीं साधनें मिळालीं, एवढाच फरक. म्हणून त्यांस केवळ फिर्याद घेऊन गेलेला दुर्दैवी दूत समजणें बरोबर नाहीं. मराठी वकिलीच्या परंपरेंतला तो शेवटच्या काळांतला एक मोठा माणूस होता.

२. खानदेशचे तीन साहेब

१८१८ सालीं पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांकडे गेला, व तेथें पोलिटिकल एजंट म्हणून कॅप्टन जॉन ब्रिग्ज याची नेमणूक झाली. धुळें हें जिल्ह्याचें मुख्य ठिकाण झालें तें ह्याच्याच कारकिर्दींत. फेरिस्त्याच्या फारसी इतिहासाचें १८२९ सालीं चार भागांत निघालेलें इंग्रजी भाषांतर ज्याचें, तोच हा ब्रिग्ज; हस्तलिखितांच्या संग्राहकांस त्याची ओळख निराळी करून द्यावयास नको. १८२३ सालीं तो खानदेश सोडून साताऱ्यास रेसिडेंट झाला. त्याच्यामागून खानदेशास आलेला कलेक्टर आर्चिबाल्ड रॉबर्टसन हाही पुढें साताऱ्याचा रेसिडेंट झाला.

तिसरा चार्ल्स ऑव्हन्स. डोंगरांतील भिल्लांचा बंदोबस्त केवळ लष्करानें होत नाहीं असें दिसून आल्यावर १८२५ सालीं खानदेशांत तीन भिल्ल एजन्स्या स्थापण्यांत आल्या. वायव्येकडील एजन्सीकडे नंदुरबार, सुलतानपूर, पिंपळनेर व डांगचा मुलूख होता, व तिचें ठाणें तापीकांठीं कुकरमुंडें येथें होतें. ती कॅप्टन रिग्बी याच्या हातीं होती. ईशान्येकडील भागांत लेफ्टनंट औट्राम यानें धरणगांवीं भिल्लांची पलटण उभी केली. दक्षिणेकडील एजन्सीचें ठाणें कन्नड येथें होतें, व तेथें कॅप्टन ऑव्हन्स होता. भिल्लांना कौल देऊन खालीं उतरविणें, जमिनी देऊन शेतीस लावणें, आणि जे लूटमार सोडीत नसत त्यांची माहिती त्यांच्याच सोबत्यांकडून काढणें, असें ह्या एजंटांचें काम असे. ऑव्हन्सनें तें हुषारीनें केलें व त्यायोगें सरकारांत त्याचें नांव झालें.

आज सुलतानपूर हें शहादें तालुक्यांतील एक लहानसें गांव आहे, कुकरमुंडें गुजराथेंत गेलें आहे, आणि नंदुरबार १ जुलै १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा झाला आहे. जुन्या एजन्सीचा मुलूख असा दोन राज्यांत व कित्येक तालुक्यांत वांटला गेल्यामुळें तिच्या कागदांचा विचार एकत्र होत नाहीं. तो कां व्हावा, हें शेवटीं सांगूं.

३. साताऱ्याचें प्रकरण

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें इंग्रजांनीं प्रतापसिंहांना साताऱ्याचें राज्य दिलें, व १८२२ सालीं कारभार त्यांच्या हातीं पूर्णपणें सोंपविला. ह्या तहांत एक कलम असें होतें कीं, राजांनीं बाहेरच्या कोणाशींही परभारें पत्रव्यवहार करूं नये. जें काय कळवावयाचें तें रेसिडेंटच्या द्वारेंच कळवावें. पुढील सर्व अनर्थाचें मूळ ह्या कलमांत आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल त्याच्याच हातून ती पाठवावी लागे, आणि दुसऱ्या वाटेनें पाठविली तर तोच अपराध ठरे.

कांहीं वर्षें सर्व सुरळीत चाललें. १८३५ च्या अखेरीस कंपनीच्या डायरेक्टरांनीं राजांच्या चांगल्या कारभाराबद्दल स्तुतिपर पत्र व एक रत्नजडित तलवार देण्याचें ठरविलें. परंतु अक्कलकोट, फलटण, जत, पंतसचिव, पंतप्रतिनिधि ह्या जहागिरींवरील हक्काबद्दल राजांचा व मुंबई सरकारचा वाद ह्याच वेळीं वाढला होता. ती तलवार राजांच्या हातीं पडली नाहीं. मुंबई सरकारनें ती अडवून ठेविली.

१८३६ सालीं राजांवर आरोप आला कीं त्यांनीं २३ व्या पलटणींतील देशी अंमलदारांना फितविण्याचा प्रयत्न केला. चौकशीस गुप्त कमिशन बसलें. त्यांत रेसिडेंट लॉडविक, मुंबई सरकारचा सेक्रेटरी विलोबी व खानदेशांतून नांव मिळवून आलेला ऑव्हन्स असे तिघे होते. पुढें गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशीं व नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं पत्रव्यवहार केल्याचे आणखी दोन आरोप जोडले गेले. १८३७ सालीं लॉडविकच्या जागीं ऑव्हन्स रेसिडेंट झाला, व पुरावा जमविण्याचें काम त्याच्याच हातीं आलें. आरोपांचा पूर्ण कागद व साक्षीदारांची उलटतपासणी ह्या दोन्ही गोष्टी राजांना शेवटपर्यंत मिळाल्या नाहींत.

ऑगस्ट १८३९ मध्यें नवा गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यास आला. तहाचा भंग आपल्याकडून झाला अशा कबुलीच्या कागदावर राजांनीं सही करावी, पुढें तह कांटेकोरपणें पाळावा, व बळवंतराव चिटणिसांना दूर करावें, म्हणजे मागील सर्व माफ होईल, अशी त्याची अट होती. राज्य राखावयास एक सही पुरेशी होती. न केलेल्या गुन्ह्याची कबुली देण्यास राजे तयार झाले नाहींत. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं त्यांना गादीवरून काढण्यांत आलें व पुढें काशीस नेण्यांत आलें. गादीवर त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसविण्यांत आलें.

४. वकील लंडनांत

राजांनीं आपली बाजू विलायतेस मांडण्याचा उद्योग पदच्युतीपूर्वींच आरंभिला होता. मुंबईच्या वैद्यकीय खात्यांतून निवृत्त झालेले डॉक्टर मिल्न व मीर अफजल अली हे आधीं गेले. मागून यशवंतराव राजेशिर्के, भगवंतराव विठ्ठल व रंगो बापूजी निघाले. इतर मंडळी कालांतरानें परतली. रंगो बापूजी मात्र १८५३ च्या अखेरीपर्यंत तेथेंच राहिले.

तेथें गेल्यावर पहिली अडचण अशी आली कीं डायरेक्टरांनीं वकिलास वकील म्हणून ओळखण्यासच नकार दिला. राजांना जें सांगावयाचें तें मुंबई सरकारच्या मार्फत यावें, हें त्यांचें उत्तर. म्हणजे साताऱ्यास रेसिडेंटची जी भिंत होती तीच लेडनहॉल रस्त्यावर पुन्हां उभी राहिली. दार बंद आहे हें दिसल्यावर दुसऱ्या कोणत्या दारानें आंत जातां येईल, हें शोधून काढण्यांत रंगो बापूजींची बुद्धि दिसून येते.

ह्यासाठीं कंपनीची घटना थोडी समजावून घेतली पाहिजे. कंपनीचा रोजचा कारभार डायरेक्टरांकडे असे, व राजकीय बाबतींत त्यांच्यावर १७८४ च्या कायद्यानें स्थापलेल्या बोर्ड ऑफ कंट्रोलची हुकमत असे. परंतु कंपनीचे भाग विकत घेणारे जे मालक, त्यांचीही एक सभा होती. पांचशें पौंडांचा भाग असणारास सभेंत बसतां व बोलतां येई, हजार पौंडांच्या भागावर मत देतां येई, आणि नऊ मालकांनीं मिळून मागणी केली तर खास सभा बोलवावी लागे. ह्या सभेस राजकीय निर्णय फिरविण्याची सत्ता नव्हती. तेथें ठराव झाला तरी राजांना गादी परत मिळणार नव्हती. मग तिचा उपयोग काय? उपयोग असा कीं, तेथील भाषणें छापलीं जात. डायरेक्टरांच्या खोलींत जो कागद गुप्त राही तो मालकांच्या सभेंत मागतां येई. मागितला म्हणजे वाद होई. वाद झाला म्हणजे वृत्तपत्रांत येई. आणि वृत्तपत्रांत आलें म्हणजे पार्लमेंटांत प्रश्न विचारावयास एखाद्या सभासदाला आधार मिळे. सत्ता नसलेल्या सभेचा असा उपयोग करून घेणें हेंच ह्या वकिलीचें वर्म होय.

सभेंत व सभेबाहेर साताऱ्याची बाजू घेणारांत मुंबईंत व्यापार केलेले सर चार्ल्स फोर्ब्स, मद्रास इलाख्यांत नोकरी केलेले जॉन सलिव्हन, व गुलामगिरीविरुद्धच्या चळवळींत वक्ता म्हणून गाजलेले जॉर्ज थॉम्पसन हे प्रमुख होते. थॉम्पसन १८४७ सालीं टॉवर हॅम्लेट्सतर्फे पार्लमेंटांत निवडून आले. पार्लमेंटांतले जुने सभासद जोसेफ ह्यूम यांनीं हें प्रकरण त्या सभागृहांत पुनःपुन्हां काढलें. डायरेक्टरांतही मतभेद झाला. हेन्री सेंट जॉर्ज टकर यांनीं आपली भिन्न मतपत्रिका नोंदविली. सर्वांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे गुप्त कमिशनांत स्वतः बसलेला जनरल लॉडविक हा विलायतेस परतल्यावर राजांच्या बाजूनें बोलूं लागला. खानदेशचा ब्रिग्जही मालकांच्या सभेंत संस्थानें खालसा करण्याच्या धोरणाविरुद्ध उभा राहिला. ज्यांनीं सातारा व राजे प्रत्यक्ष पाहिले होते अशा माणसांचा शब्द लंडनच्या श्रोत्यांवर किती परिणाम करील, हें वकिलानें ओळखलें होतें.

५. पुस्तिकांची लढाई

बोललेला शब्द विरून जातो, म्हणून तो छापून घ्यावयाचा, हा रंगो बापूजींचा दुसरा नियम. त्यांच्या नांवानें लंडनास निवेदनें व जाहीर पत्रें निघालीं. त्यांतलें एक १८५२ सालचें असून तें बोर्ड ऑफ कंट्रोलचे तेव्हांचे अध्यक्ष हेरिस यांस उद्देशून लिहिलें आहे. त्यास कृष्णाजी सदाशिव भिडे यानें केलेली उघडकी जोडलेली आहे.

ही उघडकी काय होती तें सांगितलें म्हणजे पुस्तिकांची पद्धति कळेल. राजांचे दिवाण गोविंदराव यांना कैद करून अहमदनगरास ठेवण्यांत आलें होतें. त्यांच्या आईच्या, म्हणजे गिरजाबाईच्या, नांवानें एक अर्ज सरकारकडे पोचला, व त्यांत राजांचा फितुरींत हात असल्याचें लिहिलें होतें. आईनेंच लिहिलें, तेव्हां खरें असलें पाहिजे, असें त्या अर्जाचें वजन होतें. पुढें भिडे यानें तो अर्ज आपण लिहिल्याचें सांगितलें. राजांच्या बाजूचें म्हणणें असें कीं, ही गोष्ट ऑव्हन्सला ठाऊक झाल्यावरही ती वेळीं वर कळविण्यांत आली नाहीं. वकिलानें ह्या एका कागदावर सर्व भर दिला. तीन आरोपांचा सगळा गुंता इंग्रज वाचकाच्या डोक्यांत शिरणें कठीण. पण एका म्हाताऱ्या बाईच्या नांवानें दुसऱ्यानेंच अर्ज लिहिला, ही गोष्ट कोणासही तत्काळ समजते.

गोव्याच्या आरोपाबाबतही हीच रीत दिसते. ज्या गव्हर्नराशीं पत्रव्यवहार केल्याचें म्हटलें होतें ते दोम मानुएल दि पोर्तुगाल इ कास्त्रो यांनीं तो साफ नाकारला. राजांच्या बाजूनें हा नकार लंडनांत पुढें मांडण्यांत आला. काशीस राजांवर देखरेखीस असलेला मेजर कार्पेंटर यासही कागद पाहून राजांचें निरपराधित्व पटलें. अशा रीतीनें साक्ष विरुद्ध पक्षाच्या गोटांतूनच आणावयाची, व आपण स्वतः थोडें बोलावयाचें, हें धोरण त्यांनीं शक्य तेथें राखिलें.

येथें संशोधकानें सावध राहिलें पाहिजे. पुस्तिका ही वकिलाची आहे, न्यायाधीशाची नव्हे. तींत आपल्या पक्षाला अडचणीची गोष्ट येणार नाहीं, व विरुद्ध पक्षाला शक्य तितकें काळें रंगविलें जाईल, हें धरूनच ती वाचावी. ऑव्हन्सवर पुस्तिकांतून जे आरोप केले गेले ते कंपनीनें मान्य केले नाहींत. उलट बाजूस सरकारनें पार्लमेंटापुढें ठेवलेले साताऱ्याचे छापील कागद, ज्यांचा पहिला मोठा भाग १८४३ सालीं निघाला, तेही निवडलेले कागद आहेत. कोणता कागद घालावयाचा व कोणता गाळावयाचा हें ज्या कचेरीनें ठरविलें तीच कचेरी ह्या वादांत पक्षकार होती. दोघांचेंही काम प्रसिद्धीचें आहे. एकाजवळ सत्ता होती, म्हणून त्याच्या प्रसिद्धीला अहवाल म्हणतात. दुसऱ्याजवळ ती नव्हती, म्हणून त्याच्या प्रसिद्धीला ओरड म्हणण्यांत आलें. इतिहासकारानें हा नांवांतला भेद मानूं नये.

६. वकिलीचा शेवट

१४ ऑक्टोबर १८४७ रोजीं प्रतापसिंह काशीस वारले. आतां वकिलाला धनी उरला नाहीं, व काशीहून येणारा पैसाही थांबला. ५ एप्रिल १८४८ रोजीं शहाजी महाराजही औरस संततीवांचून वारले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लर्क यांचें मत राज्य चालूं ठेवावें असें होतें; परंतु लॉर्ड डलहौसी यानें दत्तक नामंजूर करून १८४९ सालीं सातारा खालसा केलें. दत्तकाचा वारसा नाकारून संस्थानें घेण्याच्या त्याच्या धोरणाचा हा पहिला मोठा बळी.

ज्या राज्यासाठीं भांडावयाचें तें राज्यच नकाशांत उरलें नाहीं, तरीही रंगो बापूजी आणखी चार वर्षें लंडनांत राहिले. वादाचा विषय मात्र त्यांना बदलावा लागला. आरंभीं प्रश्न एका राजाच्या निरपराधित्वाचा होता. आतां तो हिंदी संस्थानांशीं केलेले तह इंग्रज पाळणार कीं नाहीं, असा झाला. १८५३ सालीं कंपनीच्या सनदेचा प्रश्न पार्लमेंटापुढें होता, व हिंदुस्थानच्या कारभारांत सुधारणा मागणारी एक मंडळीही त्याच वर्षीं लंडनांत स्थापन झाली. पण वकिलाच्या डोक्यावर कर्ज झालें होतें, व अंगांत थकवा आला होता. शेवटीं ज्या कंपनीशीं ते इतकीं वर्षें भांडले तिनेंच पैशाची सोय करून त्यांना परत पाठविलें.

अपयश कां आलें ह्याचें उत्तर वर आलेंच आहे. ज्या सभेंत त्यांना बोलावयास जागा मिळाली तिला सत्ता नव्हती, आणि ज्यांना सत्ता होती त्यांनीं एकदां दिलेला निकाल फिरविणें म्हणजे आपल्याच गव्हर्नरास, सेक्रेटरीस व रेसिडेंटास खोटें पाडणें होतें. लोकमत वळविण्याची विद्या जेथें लोकमताला कारभाऱ्यावर हुकमत असते तेथेंच फळते. लंडनच्या लोकांचें मत साताऱ्याच्या गादीवर हुकमत चालविणारें नव्हतें.

ह्यानंतरची हकीकत थोडक्यांत सांगतों. १८५७ सालीं साताऱ्यास उठावाचा कट उघडकीस आला, व त्याचा सूत्रधार म्हणून सरकारनें रंगो बापूजींचें नांव घेतलें. ते निसटले, व पुढें कधींही सांपडले नाहींत. ८ सप्टेंबर १८५७ रोजीं साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झालें. पांचांना फांशीं दिलें, सहांना तोफेच्या तोंडीं दिलें, व सहांना गोळ्या घातल्या. ह्या सतरांत रंगो बापूजींचे चिरंजीव सीताराम होते. लंडनांत अझीमुल्लाखानाशीं झालेल्या भेटींत उठावाचा बेत ठरला, ही कथा सावरकरांच्या १९०९ सालच्या ग्रंथामुळें सर्वतोमुखी झाली. ती बाजूस ठेवली तरी एवढें निर्विवाद आहे कीं, चौदा वर्षें अर्ज, भाषण व छापील कागद ह्यांवर भरंवसा ठेवणाऱ्या माणसाचें नांव शेवटीं शस्त्राच्या कटांत घेतलें गेलें. अर्जाची वाट कोठवर जाते हें त्यांच्याइतकें पुरतें चालून पाहिलेला दुसरा मराठी माणूस त्या काळीं नव्हता.

७. साधनांविषयीं दोन शब्द

ह्या विषयाचीं साधनें तीन जातींचीं आहेत. पहिलीं मोडी, त्यांत पुण्याच्या पुरालेखागारांतील साताऱ्याचें दप्तर व प्रतापसिंहांची रोजनिशी मुख्य होत. दुसरीं पार्लमेंटाचीं छापील पुस्तकें. तिसऱ्या लंडनास निघालेल्या पुस्तिका. मोडी कागद जपणारे आपले संग्राहक जुन्या इंग्रजी पुस्तिकेकडे बहुधा दुर्लक्ष करतात. ती छापील आहे, तेव्हां कोठेंही मिळेल, असें त्यांना वाटतें. ह्या विषयापुरतें तरी हें खरें नाहीं. अशा पुस्तिका थोड्या छापल्या गेल्या, मित्रमंडळींत वांटल्या गेल्या, व पुढें कोणी जपल्या नाहींत. त्यांतील कित्येक मराठी पत्रांचें इंग्रजी भाषांतर तेवढें उरलें असून मूळ नाहींसें झालेलें असण्याचा संभव आहे. एखाद्या घरच्या पेटींत मोडी मूळ व इंग्रजी पुस्तिका अशीं दोन्हीं मिळालीं, तर तीं वेगळीं करूं नयेत. दोहोंतला फरकच महत्त्वाचा पुरावा असतो. यादी करतांना आणखी एक काळजी घ्यावी. पुस्तिकांवर प्रतापसिंह हें नांव ‘पर्टाब शीन’ अशा उच्चाराचें छापलेलें असतें, व रंगो बापूजींचें ‘रंगो बापोजी’ होतें. नुसत्या मुखपृष्ठावरून ओळख न पटल्यानें अशी पुस्तिका रद्दींत जाण्याची भीति आहे.

आतां खानदेशाकडे वळूं. ऑव्हन्सनें साताऱ्यास पुरावा ज्या रीतीनें जमविला असें राजांचे वकील म्हणतात, म्हणजे कैद्याला अभयवचन देऊन जबानी घेणें व खबऱ्याच्या शब्दावर पुढची खबर उभारणें, ती रीत भिल्ल एजन्सीच्या कामांत स्वाभाविक व कदाचित् आवश्यकही होती. जंगलांतील टोळीचा ठिकाणा दुसऱ्या वाटेनें लागत नसे, आणि खबर खोटी ठरली तर ती त्याच आठवड्यांत कळे. राजवाड्यांतील पत्रव्यवहाराबद्दल तीच रीत वापरली म्हणजे काय होतें? तेथें खबर पडताळून पाहण्यास डोंगर नाहीं. बक्षिसाच्या आशेनें आणलेला कागद दुसऱ्या तशाच कागदानें खरा ठरतो. ऑव्हन्स हा मुद्दाम खोटें करणारा माणूस होता असें म्हणण्यापेक्षां, कन्नडच्या रानांत उपयोगी पडलेली संवय त्यानें साताऱ्यास आणली, असें म्हणणें आम्हांस अधिक संभवनीय वाटतें. अर्थात् हा आमचा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे.

तो सिद्ध करावयाचा कीं खोडावयाचा, हें मराठी कागदांवरूनच ठरेल. कन्नडच्या ऑव्हन्सचें काम समजण्यास त्याच वर्षीं, त्याच हुकमानें, कुकरमुंड्यास चाललेलें काम ताडून पाहणें हा उत्तम मार्ग आहे. नंदुरबार, तळोदें, शहादें, नवापूर ह्या भागांतील देशमुख, देशपांडे, कुळकर्णी व पाटील यांच्या घरीं १८२५ नंतरच्या पंचवीस वर्षांतील कौलनामे, जामीनकतबे, जबान्या व एजंटाच्या कचेरींतून आलेलीं मोडी आज्ञापत्रें असतील, तर तीं पाहिलीं पाहिजेत. जबानी देणारास काय मिळालें, ती कोणासमक्ष घेतली, व पुढें ती पडताळली कीं नाहीं, एवढ्या तीन गोष्टी ज्यांत सांपडतील तो प्रत्येक कागद ह्या प्रश्नास उपयोगी आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं आपलीं अखेरचीं वर्षें धुळ्यास काढलीं, व त्यांच्या मागें तेथें निघालेल्या मंडळानें त्यांचा संग्रह राखला. त्या परंपरेच्या मंडळींस हें काम परकें वाटूं नये.

रंगो बापूजींनीं एका अर्जाचा खरा लेखक कोण, हें जगाला सांगण्यासाठीं वर्षेंच्या वर्षें खर्चिलीं. कागद कोणी लिहिला, कोणासाठीं लिहिला, व तो कोणाच्या हातून आला, हाच त्यांचा प्रश्न होता. संशोधकाचाही दुसरा प्रश्न नसतो. वरील प्रकारचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांची नक्कल अगर निदान याद करून ती प्रसिद्ध करावी, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.